शिकागो किती मुक्काम

आमच्या शेजारच्या काकींना बारामतीच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा रोज सकाळी डोळे उघडले की त्या एकच विचारायच्या, "कुठवर आला?"

आबा, म्हणजे त्यांचे मालक, खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेले असायचे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "निघाला आसंल आता." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "समिंदर लागला आसंल." तिसऱ्या दिवशी जरा विचार करून म्हणाले, "निम्म्याच्या अलीकडं आलाय." चौथ्या दिवशी सकाळी काकींनी विचारलं नाही.

मी तेव्हा बारामतीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. आणखी दोन पोरांबरोबर एका खोलीत राहायचो आणि आमचा जेवणाचा डबा गावाकडून, वरकुट्यावरून, एसटीनं यायचा. त्या आठवड्यात माझ्या डब्यातच आबांची भाकरी यायची. स्टँडवरून डबा घेऊन मी दवाखान्यात जायचो, म्हणून हे सवालजवाब मला ऐकायला मिळाले. नाहीतर मला कळलेही नसते, आणि पुढचं काही झालंही नसतं.

काकी वाट बघत होत्या त्यांच्या एकुलत्या एक मुलाची. त्याला आम्ही सगळी लहान मुलं दादा म्हणायचो. पुण्यात इंजिनिअर झाला आणि तिथून शिकागोला गेला, त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. काकींना दवाखान्यात आणलं त्याच सकाळी आबांच्या पुतण्यानं एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला. फोन ठेवून पुतण्या आला आणि म्हणाला, "आबा, लगीच निघालो तरी चार-पाच दिवस लागत्यात म्हनला."

"लागनारच की," आबा म्हणाले. "लांब हाय."

चौथ्या दिवशी काकी गेल्यावर पुतण्यानं परत फोन केला. दादानं घरूनच उचलला. पुतण्यानं हे आबांना सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो. "आबा, त्यो घरीच हाय अजून." आबा काकींच्या पायांवरची चादर नीट करत होते. वर न बघता म्हणाले, "तिकीट मिळालं नसंल. आता येऊन तरी काय करायचं त्यानं? तोंड दिसनार हाय का?"

उन्हाळ्याचे दिवस. थांबण्यासारखं नव्हतंच. दुपारी गावात नेऊन पुतण्यानं अग्नी दिला. दादा तेराव्यालाही आला नाही. रजा मिळत नाही, असं पत्र आलं.

गावात कुणी काही बोललं नाही. हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण आमच्याकडं ती रीत होती. आबांचं घर आणि आमचं घर, दोन्ही मूळची मेंढरांमागं फिरणारी. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, तशी मेंढरं विकली. पण जुनी माणसं अंतर अजून मुक्कामातच मोजायची. कोकणात उतरायला पंधरा मुक्काम, सुप्याला चार मुक्काम, असं. दिवसभर कळप चालतो आणि जिथं रात्री वाघूर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण घालतात, तो एक मुक्काम. आणि त्या जगण्यातला एक नियम असा की, मेंढरामागं असलेल्या माणसाला घरचं मरण चुकलं, तर त्याला बोल लावायचा नाही. कळप वाटेत टाकून कोण पळत येणार, आणि आला तरी कधी पोचणार? तो परत आला की आधी भाकरी वाढायची, मग सांगायचं. आबा स्वतः त्यांच्या वडिलांच्या मातीला नव्हते. निरोप पोचला तेव्हा ते बारा मुक्काम लांब होते. घरी आले, भाकरी खाल्ली, मग त्यांना रडू दिलं. हे ते आम्हाला पुष्कळदा सांगायचे आणि त्यात लाज वाटावी असं त्यांना काही वाटत नसे.

तोच नियम त्यांनी शिकागोला लावला होता. लांब असलेल्याला दोष नाही.

तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर संध्याकाळी आबांनी मला हाक मारली. मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. "ये हिकडं. तुमच्या कॉलेजात समदी दुनिया बॉलवर काढल्याली हाय म्हनं?"

"हाय की आबा. पृथ्वीचा गोल."

"मग सांग की, शिकागो किती मुक्काम हाय रं?"

आज मला कळतं की त्यांना उत्तर नको होतं. "लई लांब हाय आबा," एवढंच म्हणायचं होतं. माझ्या आजीनं ते म्हटलं असतं, गावातल्या कुठल्याही अडाणी माणसानं म्हटलं असतं. पण मी भूगोल घेतला होता. वर्गात सर प्रश्न विचारायचे तेव्हा माझा हात कधी वर जायचा नाही. इंग्रजी शाळेतून आलेली मुलं आधी बोलून टाकायची. आणि इथं एक मोठा माणूस मला, मला एकट्याला, माझ्या विषयातला प्रश्न विचारत होता. मी म्हणालो, "विचारून येतो आबा. नक्की सांगतो."

सोमवारी मी सरांना गाठलं. गावातल्या एका आजोबांना मुंबईपासून शिकागो किती लांब आणि विमानाला किती वेळ लागतो ते हवं आहे, असं सांगितलं. सरांना फार आनंद झाला. त्यांनी कपाटावरचा गोल खाली काढला, फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "शिवायचा दोरा आण." आधी दोरा विषुववृत्तावरून गुंडाळायला लावला. म्हणाले, हे झाले चाळीस हजार किलोमीटर. मग दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरलं आणि दुसरं शिकागोवर ताणलं. मला वाटलं होतं दोरा अरबस्तान, आफ्रिका, समुद्र असा जाईल, कारण भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं. पण ताणल्यावर तो सरकत सरकत वर गेला. रशियावरून, पार उत्तरेच्या बर्फाजवळून. "जवळचा रस्ता वरूनच आहे," सर म्हणाले. "नकाशा सपाट असतो म्हणून फसवतो."

दोऱ्याचा तो तुकडा विषुववृत्ताच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित कमी भरला. म्हणजे तेरा हजार किलोमीटर. विमान ताशी नऊशेनं गेलं तर साडेचौदा तास. पण सरळ कुणी जात नाही, मध्ये लंडनला उतरावं लागतं, म्हणून वीस-बावीस तास धर, असं सर म्हणाले. वर तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं. ते मला आधी उलगडेचना. पोचलेल्या वेळेतून निघालेली वेळ वजा केली की प्रवास कधी दहा तासांचा व्हायचा, तर कधी दीड दिवसाचा. एक अख्खी संध्याकाळ मी त्यात घालवली. शेवटी जमलं तेव्हा इतका आनंद झाला की खोलीतल्या दोघांना उठवून बसवून समजावून सांगितलं. त्या आनंदात काकी कुठंच नव्हत्या. दवाखान्यातले चार दिवस आणि हे बावीस तास एकमेकांशेजारी ठेवून बघावेत, हे खरंच माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर मी गप्प बसलो असतो का, हेही मला आता खात्रीनं सांगता येत नाही.

शनिवारी गावी गेलो. आबा देवळासमोरच्या ओट्यावर बसले होते. बरोबर आणखी चार-पाच जण, त्यांत तात्या. तात्या हे आबांच्या बरोबरीचे. गावात कुणाच्या घरात काय चाललंय ते आधी त्यांना कळायचं. आबांना घरी एकटं गाठून सांगता आलं असतं. पण ओट्यावर माणसं होती आणि मला ती हवी होती.

"आबा, विचारून आलो," मी उभ्या उभ्याच म्हणालो आणि खिशातून कागद काढला. "मुंबई ते शिकागो तेरा हजार किलोमीटर. विमानात बसल्यापासून वीस-बावीस तास."

तात्या तंबाखू मळतच राहिले. मला वाटलं समजलं नाही. म्हणून मी आणखी सोपं केलं. "म्हणजे एक दिवस पण नाही आबा. आज संध्याकाळी बसला, तर उद्या रात्रीच्या आत मुंबईत."

तात्यांनी तंबाखू मळायचं थांबवलं. "आनि म्हमईवरनं हितं?"

"गाडीनं सात-आठ तास."

"म्हंजी दीड दिस," तात्या म्हणाले. मग आबांकडं न बघता, माझ्याकडंच बघत, अगदी हळू विचारलं, "मग चार-पाच दिस कसलं रं?"

तिथंही मला थांबता आलं असतं. "चार-पाच दिवस लागतच नाहीत तात्या," मी म्हणालो.

आबा उठले. माझ्या हातातला कागद त्यांनी घेतला, वाचता येत नसताना उलटा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, "कशानं मोजलंस?"

"दोऱ्यानं. गोलावर दोरा ताणून."

"दोऱ्यानं!" आबा ओरडले. "दोऱ्यानं भुई मोजतोस व्हय रं? तुझ्या बापाला सरळ सरी पाडता येत न्हाय आनि तू दुनिया मोजनार? चालून बघितलीस का? एक मुक्काम तरी पायानं केलास का जल्मात?" त्यांनी कागद चुरगळून माझ्या छातीवर फेकला. "माझं पोरगं खोटं बोलत न्हाय. परत माझ्या दारात पाय ठेवू नगंस."

ओट्यावरचे हसले. आबांना हसले की मला, ते मला कळलं नाही. बहुतेक दोघांनाही.

घरी पोचायच्या आत वडिलांना कळलं होतं. त्यांनी मारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "तुला शिकायला धाडलं, ते दुसऱ्याचं घर मोजायला न्हाय."

त्यानंतरचं वर्ष मी शक्यतो गावी गेलो नाही. गेलो की "इमानमास्तर आलं" म्हणून हाक यायची. पण खरे हाल झाले ते आबांचे. गावानं तेराव्यापर्यंत नियम पाळला होता. माझ्या कागदानं तो मोडला. दोष देता येत नव्हता, तोवर सगळे गप्प होते. आता आकडा मिळाला होता. तात्या ओट्यावर बसून लांबूनच विचारायचे, "आबा, आजचं इमान किती वाजता सुटतंय?" दुसरा म्हणायचा, "सुटलं की कवाच. लंडनला च्या प्यायला उतारलंय, चार दिस." बायकासुद्धा पाण्याला जाता-येता बोलायच्या की म्हातारीला समुद्र दाखवत दाखवत मारली. हे "समिंदर लागला आसंल" गावात कुणी सांगितलं असेल? दवाखान्यात तेव्हा आबा, काकी आणि मी, तिघंच असायचो. मी घरी सांगितलं होतं. सहज, वाईट वाटलं म्हणून.

आबा मागं हटले नाहीत. जो बोलेल त्याला म्हणायचे, "पोरगं दोऱ्यानं मोजतंय आनि तुमी ऐकताय. जाऊन आलाय का कुनी तितं?" कुणीच गेलेलं नव्हतं. तेवढाच त्यांना आधार होता. मला मात्र तेही सलायचं. मी चुकलो नव्हतो आणि तरी खोटा ठरलो होतो. कधीतरी आबांना मानावं लागेल, असं मी मनात धरून होतो. हे लिहायला लाज वाटते, पण मी धरून होतो.

पुढच्या थंडीत आबांची छाती भरली. बारामतीला आणलं, आठ दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मंगळवारी सकाळी पुतण्या माझ्या खोलीवर आला. दारातच उभा राहून म्हणाला, "आबा त्येचं नाव घेत्यात. तू फोन लाव. मी बोललो की त्यो कायबाय कारनं सांगतोय. तू शिकल्याला हायस, तुला न्हाई म्हननार न्हाय."

बूथमध्ये शिरलो आणि आधी घड्याळ बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं. तिथं आदल्या रात्रीचे अकरा वाजत आले असणार, मी मनात वजाबाकी केली. दादा झोपेत होता. मी कोण ते सांगितलं, आबांचं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "बोलतायत का?"

"बोलतात. तुमचं नाव घेतायत."

"निघतो," तो म्हणाला.

बाहेर येऊन मी वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहून ठेवली. मग पुतण्याबरोबर गावी गेलो. कॉलेज बुडवून. आबांची काळजी होती म्हणून गेलो असं मी घरी सांगितलं. होतीही. पण वही पिशवीत होती.

बुधवार गेला. पुतण्यानं आबांना येतोय म्हणून सांगितलं होतं. आबांनी, कुठवर आला, असं एकदाही विचारलं नाही. भिंतीला टेकून, उशीवर उशी लावून बसून होते. आडवं झालं की श्वास घेता यायचा नाही. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मी त्यांच्या दारात पाय ठेवला होता, पण त्यांनी मला हाकलून दिलं नाही. बघितलं आणि डोळे मिटले.

गुरुवारी सकाळी एक पांढरी गाडी डाळजपाशी हायवे सोडून गावात आली. दादा उतरला. अंगावर जाड कोट, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मी घड्याळ बघितलं. पावणेदहा. पूर्ण दोन दिवस नाहीत. पंचवीस मिनिटं कमी.

दादा आत जाऊन आबांच्या पायांशी बसला. आबांनी डोळे उघडले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की सगळ्यांनाच भरून आलं. दोन्ही हातांनी त्यांनी त्याचं तोंड चाचपलं, कान, डोकं, मेंढरू परत आल्यावर चाचपतात तसं. "आलास?" म्हणाले. "आलास रं?" मग पुतण्याच्या बायकोकडं बघून, "आधी भाकरी द्या त्याला. लांबनं आलाय."

तिनं ताट आणलं. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. दादानं पहिला घास मोडला. दारात तात्या येऊन उभे होते, माझे वडील होते, आणखी दोघंतिघं. आबा त्याच्याकडं बघत होते आणि पहिल्यांदाच गर्दीकडं मान वळवून, छाती भात्यासारखी हलत असताना, अभिमानानं म्हणाले, "बघा. आलाय का न्हाय?"

"आलाय की," तात्या म्हणाले. "कवा निघाला हुतास रं बाळा?"

दादानं घास हातातच ठेवला. "लगेच निघालो," तो म्हणाला. "फोन आला तसा."

"त्ये खरं. पर कवा?"

आबांनी त्याच्याकडं बघितलं, मग तात्यांकडं, आणि मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. "फोन तूच केलास न्हवं? कवा केलास?"

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मान हलवली नाही, डोळ्यानं खुणावलं नाही, नुसतं बघितलं, आणि मला नीट कळलं की ते काय म्हणतायत. चार दिवस झाले आबा, एवढंच म्हणायचं होतं. मरायला टेकलेल्या माणसाला कोण वार विचारायला जाणार होतं? पुतण्या गप्प राहिला असता. तात्यासुद्धा, मला वाटतं, त्या वेळी गप्प राहिले असते.

"मंगळवारी," मी म्हणालो. "सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी."

मिनिटं कुणी विचारली नव्हती.

आबांनी उजव्या हाताची बोटं उघडली. अंगठ्यानं एकेक पेर दाबत मोजलं. मंगळवार. बुधवार. मग गुरुवारवर अंगठा ठेवला आणि उचलला, कारण तो अजून निम्माही झाला नव्हता. परत पहिल्यापासून मोजलं. त्यांचं मोजणं चुकत नव्हतं. दोनशे मेंढरं ते वाघरातून बाहेर पडताना नुसत्या नजरेनं मोजायचे.

"चार दिस वाट बघितली तिनं," ते म्हणाले. दादाला नाही, कुणालाच नाही. "म्या तिला सांगत हुतो, समिंदर लागलाय."

"आबा—" दादा म्हणाला.

आबांनी तोंड भिंतीकडं केलं.

दादाच्या हातात तो घास होता. तो त्यानं ताटात परत ठेवला नाही, खाल्लाही नाही. पुतण्याच्या बायकोनं शेवटी त्याच्या हातातून काढून घेतला.

आबा आणखी दोन दिवस होते. दादा त्या दोन दिवसांत खोलीतून हलला नाही. औषधाचा चमचा त्यानं पुढं केला की आबा दात मिटायचे. तोच चमचा पुतण्यानं धरला की तोंड उघडायचे. शनिवारी दुपारी शेवटचं पाणी घालायची वेळ आली. जाणत्या माणसांनी सांगितलं, लेकाच्या हातचंच पाहिजे. दादानं तांब्यातलं पाणी पळीत घेतलं आणि ओठांना लावलं. आबांना शुद्ध होती की नव्हती, सांगता येत नाही, पण ओठ उघडले नाहीत. पाणी हनुवटीवरून मानेवर गेलं. तीनदा केलं. मग तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. दे त्याच्याकडं," आणि पळी पुतण्याकडं दिली.

अग्नीही पुतण्यानंच दिला. आबांनी तसं आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवलं होतं. पोटचा मुलगा समोर उभा असताना पुतण्यानं अग्नी दिल्याचं मी त्याआधी बघितलं नव्हतं. दादा माणसांच्या मागच्या रांगेत उभा होता, त्या जाड कोटात. कुणी त्याला पुढं ये म्हणालं नाही.

सोमवारी तो निघाला. गाडी वेशीबाहेर उभी होती आणि त्याची बॅग उचलायला कुणी आलं नाही, म्हणून मी उचलली. निम्म्या वाटेत तो म्हणाला, "तू भूगोल घेतलायस ना?"

"हो."

"तूच मोजलं होतंस म्हणे."

"हो दादा."

"बरोबर मोजलंस." थोडं चालून तो परत बोलायला लागला, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल. "त्या वेळी माझे कागद अडकले होते. तिथं राहायचे. त्या दिवसांत देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत आत घेतलं नसतं. बायकोला आठवा महिना होता. वकील म्हणाला, गेलास तर तू इकडं आणि ती तिकडं, वर्षभर तरी. महिना आधी कळलं असतं तरी येता आलं नसतं मला." त्यानं डोळे चोळले. "आबांना यातलं काय सांगणार होतो? कागद म्हणजे काय, वकील म्हणजे काय? लांब म्हटलं की त्यांना कळायचं. लांब असलेल्याला ते काही म्हणायचे नाहीत. म्हणून लांब सांगितलं."

माझ्या तोंडून निघालं, "मग परवा का नाही सांगितलं त्यांना?"

"कधी? तोंड फिरवलं का त्यांनी माझ्याकडं?"

गाडीपाशी पोचलो. ड्रायव्हरनं बॅग घेतली. दादा बसता बसता थांबला. रागावलेला दिसत नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असावं, अशा आवाजात त्यानं विचारलं, "मिनिटं का सांगितलीस रे?"

त्यानं थोडा वेळ वाट बघितली, मग दार ओढून घेतलं.

मी परत आलो तेव्हा ओट्यावर सगळे जमलेले होते. तात्या दवाखान्यातल्या चार दिवसांची गोष्ट सांगत होते. काकी काय विचारायच्या, आबा काय म्हणायचे, सगळं. आणि ते आता गोष्टीसारखं झालं होतं, ठिकठिकाणी थांबायच्या जागांसकट. आईला झुलवत मारली, बापाचं पाणी तोंडातनं परत आलं. पोरांना परदेशी धाडू नका म्हणून सांगायला गावाला आता हे कायमचं झालं.

मला बघून तात्या थांबले. "हे पोरगं पयल्यापास्नं खरं बोलत हुतं," ते सगळ्यांना म्हणाले. "आपुनच दात काढले." मग मला विचारलं, "तू गाडीपतूर गेलतास न्हवं? जाताना काय म्हनत हुता?"

सगळे माझ्याकडं बघत होते. वडीलही होते. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. कागद अडकले होते, बायको गरोदर होती. पण त्यानंतर कुणीतरी विचारलं असतं की, मग आबा उगाचच तोंड मिटून गेले का, आणि कुणामुळं गेले.

"काही नाही," मी म्हणालो.

"काय बोलनार?" तात्या म्हणाले. "तोंड हाय का त्याला?"

ते थोडे सरकले आणि ओट्यावर आपल्या शेजारची जागा त्यांनी हातानं झाडली. त्याआधी मला तिथं कुणी कधी बसायला सांगितलं नव्हतं. मी बसलो.